नवतपा, सांबार, बोजारा

मराठी ललित गद्याने ऋतूंवर जेवढे प्रेम केले तेवढे क्वचितच दुसऱ्या कशावर केले असेल. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले आणि बारा महिन्यांकडे कसे पाहावे याचा वस्तुपाठच पुढच्या पिढ्यांना मिळाला. हे पुस्तक वर्गात शिकवताना आम्हां दोघांना कधी अडचण आली नव्हती. ती घरात आली. गेली अडीच-पावणेतीन वर्षे आमच्या घरी एक मूल वाढते आहे आणि ऊन, पाऊस, थंडी या गोष्टींना पहिल्यांदा नावे देण्याचे काम आमच्याकडे आले आहे. ते करताना हळूहळू लक्षात आले की आमच्यापाशी ऋतूंचे जे शब्दधन आहे त्यातले बरेचसे दुसऱ्या गावाहून आलेले आहे. ‘वळवाचा पाऊस’ आम्ही पुस्तकात वाचला; आमच्या बालपणी नागपुरात मार्च-एप्रिलमध्ये जो पडे आणि संत्र्याचा बार झोडपून जाई, त्याला सगळे अवकाळीच म्हणत.

लेक एप्रिल २०२३ मधली. आम्ही राहतो नाग नदीपासून फारसे दूर नसलेल्या एका जुन्या इमारतीत, तळमजल्यावर. आम्ही दोघे मराठी शिकवतो. तिसरी आई, म्हणजे लेकीची आजी. आईचे माहेर काटोलकडचे आणि तिची भाषा अजून तिकडचीच. घरकामाला येणाऱ्या मावशी छिंदवाड्याकडच्या. त्या हिंदी बोलतात, आई त्यांना वऱ्हाडी वळणात उत्तर देते आणि दोघींचे कधी काही अडलेले आम्ही पाहिले नाही. १९५६ पर्यंत नागपूर हे मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर होते, हे इतिहासाच्या पुस्तकात शोधायची गरज नाही. आमच्या स्वयंपाकघरात सकाळी अर्धा तास उभे राहिले तरी पुरे.

लेकुरवाळ्या घराचे वर्ष आमच्याकडे कूलर खिडकीशी आणला जातो त्या दिवशी सुरू होते. पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगायला हवे की हा कूलर म्हणजे पत्र्याची एक मोठी पेटी. तीन बाजूंना खसच्या किंवा लाकडाच्या किसाच्या ताट्या, तळाशी पाण्याची टाकी, ते पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारा छोटा पंप आणि समोर पंखा. बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून आत ओढली जाते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाते आणि खोलीत गारवा येतो. हवा जितकी कोरडी तितका कूलर गुणाचा. म्हणून मे महिन्यात तो घराचा त्राता असतो, आणि जूनमध्ये आभाळ भरून येऊन पाऊस मात्र पडत नाही अशा पंधरवड्यात तो केवळ आवाज करतो. लहान मुलासाठी नागपुरातले खरे कठीण दिवस हे दुसरे. पारा उतरलेला असतो, वर्तमानपत्रे निवांत झालेली असतात, आणि मुलाच्या मानेवर, पाठीवर घामोळ्यांची लाल जाळी उठलेली असते.

लेक दहा दिवसांची होऊन घरी आली तेव्हा बाहेर चाळिशी केव्हाच ओलांडली होती. बाळबाळंतिणीची खोली ऊबदार ठेवायची, वारा लागू द्यायचा नाही, ही आईची शिस्त. ती शिस्त ज्या दगडमातीच्या जाड भिंतींच्या आणि कवेलूच्या घरात तयार झाली तिथे ती शहाणपणाचीच असणार. सिमेंटच्या तळमजल्यावर तिचे काय करायचे? “दहा दिवसाच्या लेकराले कूलरसमोर ठेवता?” आईने विचारले. बालरोगतज्ज्ञांनी सांगितले, अंगावर थेट झोत नको, खोली मात्र गार हवी. मग तह झाला. कूलर शेजारच्या खोलीत, मधले दार अर्धे उघडे, दारावर आईचे जुने लुगडे. त्या लुगड्यातून येणारा ओल्या खसचा वास आणि पंख्याची घरघर यांत लेकीचे पहिले तीन महिने गेले. त्याचा परिणाम असा की त्या घरघरीवाचून तिला झोप येत नाही. थंडीतसुद्धा आम्हांला एक टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून चालू ठेवावा लागतो.

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नऊ दिवसांचा नवतपा सुरू होतो. आमच्या पाठ्यपुस्तकांतून हा शब्द आम्हांला कधी भेटला नाही. घरात, बाजारात, रिक्षात मात्र त्या नऊ दिवसांत दुसरा विषय नसतो. लेकीला तो शब्द आजीकडून मिळाला. “बाहेर जाऊ नको, नवतपा हाये,” असे दुपारभर ऐकून तिने नवतपा हा कोणी इसम आहे असे ठरवले. ती पडद्याच्या फटीतून त्याला पाहायला जाई. रस्ता रिकामा असे, कडुनिंबाखाली एक कुत्रे जीभ काढून पडलेले असे. “गेला,” ती येऊन सांगे. पाठ्यपुस्तकी ग्रीष्म असा दाराशी येऊन उभा राहिलेला आम्ही कधी अनुभवला नव्हता.

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश तापमानाची नोंद झाली. उपकरणात दोष होता आणि तो आकडा खरा नव्हता, असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. पण तो जाहीर झाला त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत एकालाही आश्चर्य वाटले नव्हते. कोपऱ्यावरचा कैरीवाला म्हणाला, “इतकं तर असंनच.”

यातली गंमत पुढच्या वर्षी सरली. २०२५ च्या मेमध्ये लेकीला ताप आला, उलट्या झाल्या, आणि एका रात्री ती रडायची थांबली. मूल रडते तोवर धीर असतो. तिचे ओठ कोरडे पडून ती नुसती पाहत राहिली तेव्हा आम्ही रिक्षा काढली. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “शेवटची शू केव्हा झाली?” पुढचे दोन दिवस आमच्या घरी त्याखेरीज दुसरी मोजणी नव्हती. जलसंजीवनीचे पाणी दर पाच मिनिटांनी एक चमचा, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कोऱ्या कडेवर शूच्या रेघा. मे महिन्याचे ते पान आईने अजून फाडू दिलेले नाही. ती बरी झाली. परंतु तेव्हापासून आमच्या दोघांच्या बोलण्यात एक वाक्य येऊ लागले जे आधी कधी आले नव्हते: पुढचे उन्हाळे कसे असतील?

बाहेर पडायची वेळ म्हणजे दिवेलागण. नागपूरच्या उन्हाळ्यात लहान मुलाचा दिवस तेव्हाच उजाडतो. सातनंतर फुटाळ्याच्या काठावर, कॉलनीच्या मैदानात, घसरगुंडीचा पत्रा हाताला सोसवू लागला की सगळी पोरे एकदम फुटतात. ग्रेस यांच्या पहिल्या संग्रहाचे नाव ‘संध्याकाळच्या कविता’ (१९६७). त्या संध्याकाळीवर समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे आणि तिचा अर्थ हवामानात शोधू नये हे आम्हांला कळते. तरीही त्यांच्या गावात मे महिन्यात मूल सांभाळल्यावर संध्याकाळ हा शब्द आम्ही निराळ्या कानांनी ऐकतो. दुपार अगदीच कंठेना झाली की आम्ही मेट्रोत बसतो. २०१९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा शहराला कितपत उपयोगाची यावर वाद होते. तापलेल्या दुपारी गार डब्यात पोरे घेऊन सीताबर्डी ते खापरी आणि परत अशा निरुद्देश फेऱ्या मारणारी कुटुंबे त्या वादात कोणी धरली नसावीत. घरच्या चित्रांच्या पुस्तकातली आगगाडी धूर सोडते. लेकीने त्या धुरावर बोट ठेवून विचारले, “हे काय लागलं?” तिच्या मते गाडीला काहीतरी घाण चिकटली होती.

पावसाबद्दल लिहिताना मात्र हात अडखळतो. आमची बडबडगीते पावसाला बोलावतात, त्याला पैशाचे आमिष दाखवतात. मृग लागून दोन आठवडे होतात, इथे एक थेंब नसतो, शाळाही उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा उघडतात. २०२५ साली तिकडे १६ जून, विदर्भात २३ जून. तेव्हा अशी आर्जवे खरी वाटतात. पण २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे, लेक पाच महिन्यांची असताना, काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून वस्त्यांत शिरली. शहरात माणसे दगावली. आम्हांला जाग आली ती पाण्याच्या आवाजाने नव्हे, स्वयंपाकघरातली पातेली एकमेकांवर आपटत होती त्याने. पाय खाली टाकला तो पोटरीपर्यंत पाण्यात. दिवे गेलेले. लेकीला दुपट्यात गुंडाळून एकाने खांद्यावर घेतले, दुसऱ्याने आईचा हात धरला आणि जिन्याने वर गेलो. दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी, ज्यांच्याशी आमचे तोवर पार्किंगवरून बोलणे बंद होते, दार उघडे ठेवून कंदील घेऊन उभे होते. त्यांच्या सोफ्यावर लेक सकाळी आठपर्यंत झोपली. तिला यातले काहीच आठवत नाही. आईला सगळे आठवते. पाऊस लागला की ती रात्री दोनदा उठून दाराच्या फटीशी हात लावून पाहते.

खालच्या फळीवरची पुस्तके गेली. जी गच्चीवर वाळवून वाचली त्यांत ‘ऋतुचक्र’ होते. त्याची पाने आता पन्हाळीच्या पत्र्यासारखी झाली आहेत, पुस्तक मिटत नाही. लेकीला घरातले हेच पुस्तक सर्वांत आवडते, कारण त्याच्या पानांचा कडकड आवाज होतो.

श्रावणाबाबत आमची तक्रार नाही. बालकवींची ‘श्रावणमास’ खानदेशातल्या कवीची असूनही आमच्या अंगणात चपखल बसते, तेव्हा सगळा दोष पुण्या-कोकणाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. आणि श्रावणाच्या अमावास्येला पोळा आला की विदर्भाला कोणाकडून काही उसने घ्यावे लागत नाही. पोळ्याचा दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेला हा मुलांचा सण. मुले लाकडी बैल सजवून, चाकांवर ओढत घरोघरी नेतात आणि लोक त्यांच्या हातावर पैसे, खाऊ ठेवतात. त्या दानाला बोजारा म्हणतात. याच दिवशी इतवारी-महालाकडे काळी आणि पिवळी मारबत निघते, त्यांच्यामागून बडगे, आणि वर्षभराची रोगराई, महागाई, पुढाऱ्यांवरचा राग, सगळे त्या पुतळ्यांबरोबर वेशीबाहेर जाते. एवढ्या गर्दीत आम्ही लेकीला नेले नाही. बैल मात्र महालातून आणला, वीतभर उंचीचा, शिंगांना बेगड लावलेला.

२०२५ च्या तान्ह्या पोळ्याला तिने बावीस घरे केली. बोजारा ही वस्तू दारातल्या माणसाने देण्याची असते आणि आपण ती निःसंकोच मागण्याची असते, हे तिला पहिल्या दोन घरांतच उमगले. त्या दिवसापासून कोणीही पाहुणा आला की ती हात पुढे करते, “बोजारा?” आमच्या एका सहकारी प्राध्यापकांनी खिशातून बसचे जुने तिकीट काढून दिले, तेही तिने ठेवून घेतले. खरा बैल तिने दोन महिन्यांनी काटोलला, आईच्या माहेरी पाहिला. त्याच्या पायाखाली वाकून ती बराच वेळ चाके शोधत होती.

काटोलच्या त्या फेरीत संत्र्याचा आंबिया बहार उतरत होता. आईचे भाऊ, लेकीचे मामाआजोबा, बागेतून फिरवताना सांगत होते की मृग बहार धरायचा तर मे महिन्यात झाडाचे पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. ताणावाचून मनासारखा फुलोरा येत नाही. मग त्यांनी लेकीकडे पाहून म्हटले, “पोराइचंही तसंच असते.” असे बोलायला गोड वाटते आणि साहित्याचे विद्यार्थी असल्या उपमांवर लुब्ध होतात. कॅलेंडरवरच्या रेघा काढल्यानंतर आम्हांला ती मानवत नाही. झाडाला किती दिवस पाणी तोडायचे याचा हिशेब मामांपाशी पिढ्यांचा आहे. मुलाचा असा हिशेब कोणापाशीही नसतो.

दसऱ्याच्या सुमारास पुन्हा ऊन चढते, आणि त्या उन्हात दीक्षाभूमीकडे जाणारे रस्ते माणसांनी भरतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेला आता सात दशके होत आली. तिथे विकली जाते ती मुख्यतः पुस्तके. पिशवीत भाकरी आणि बगलेत पुस्तके घेऊन परतणारी माणसे पाहिली की वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावरील आपल्या चर्चासत्रांचे हसू येते. लेकीला खांद्यावर घेऊन आम्ही गेलो होतो, तिच्यासाठी बाबासाहेबांचे एक चित्रमय चरित्र घेतले. मराठवाड्याकडून आलेल्या एका आजींनी आपल्या बाटलीतले पाणी तिच्या टाळूवर थापले. “उन्हाचं कशापायी आणलंव लेकराला?” त्या म्हणाल्या. लेक त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. आपल्या आजीसारखे आणि तरीही तसे नसलेले हे बोलणे तिला नवे होते. डिसेंबरात अधिवेशनासाठी मुंबईहून सरकार येते, त्याच्यामागून राज्यभरातले मोर्चे येतात, आणि आमच्या रस्त्यावरचा कठडा लागला की घरी पोचायला दुप्पट वेळ लागतो. लेकीला त्या दिवसांत कधी कोल्हापुरी, कधी अहिराणी, कधी झाडीपट्टीची मराठी लाऊडस्पीकरवरून ऐकू येते. तिने उचलले ते फक्त ‘झालीच पाहिजे’. दूध, आंघोळ, फेरफटका, काहीही झालेच पाहिजे असते.

आणि नागपूरची थंडी. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता; उन्हाळ्याच्या बातम्यांमुळे हे कोणाच्या लक्षात राहत नाही. या दिवसांत सांबार स्वस्त होतो आणि घरोघर सांबारवड्या होतात. सांबार म्हणजे कोथिंबीर. विद्यार्थ्यांना प्रादेशिक शब्दभेद शिकवताना आम्ही फळ्यावर पहिले उदाहरण हेच देत आलो. यंदाच्या दिवाळीत आम्ही पुण्याला लेकीच्या आत्याकडे गेलो. सकाळी पोहे झाले. लेकीने बशी पुढे केली, “सांबार दे.” आत्याचा मुलगा दुसरीत आहे. तो म्हणाला, “पोह्यांवर सांबार नसतं काही, इडलीवर असतं.”

“सांबार हिरवा असतो,” लेक म्हणाली.

“पिवळं असतं. पातळ.”

“हिरवा!” आणि मग, बहुधा विषय मिटवण्यासाठी, “झालाच पाहिजे!”

आत्याचे पंधरा वर्षांपूर्वीपर्यंतचे आयुष्य नागपुरात गेले. ती काही बोलली नाही. तिने चिमूटभर सांबार लेकीच्या पोह्यांवर टाकला आणि मुलाला म्हणाली, “कोथिंबीर हवीये का तुला?”

हा प्रसंग आम्ही वर्गात सांगितला असता तर विद्यार्थी हसले असते आणि बोलींच्या समृद्धीवर चार वाक्ये लिहून घेती झाली असती. तिथे टेबलाशी बसलेले असताना आमच्या मनात दुसरेच चालले होते. पुण्यातल्या एका प्रकाशनसंस्थेने आमच्यापैकी एकाला नोकरी देऊ केली आहे. पगार बरा आहे, दुसऱ्यालाही तिथे काही मिळेल. तिकडे मे महिना असा नसतो. दाराच्या फटीला हात लावून रात्री बसावे लागणार नाही, कारण घर चौथ्या मजल्यावर असेल. या बाजूच्या कारणांची यादी लांबलचक आणि शहाणपणाची आहे. दुसऱ्या बाजूला एक पन्हाळीचे पुस्तक, एक वीतभर बैल, आणि सहा महिन्यांत पुसले जातील असे पाचपंचवीस शब्द. मुलाच्या प्रकृतीपुढे शब्दांचे वजन किती धरायचे, हे आम्हांला कुठल्याच समीक्षाग्रंथात सापडलेले नाही, आणि जे सांगतील त्यांच्यावर आमचा विश्वास बसणार नाही.

उत्तर द्यायला जानेवारीअखेरपर्यंत मुदत आहे. आईशी आम्ही हा विषय परवा काढला. ती अंगणात, उन्हाच्या पट्ट्यात बसून संत्र्याच्या फोडींतले बी काढत होती आणि लेक एकेक फोड तोंडात टाकत होती. आईने सगळे ऐकून घेतले: पगार, चौथा मजला, तिकडची हवा. मग म्हणाली, “तिकडं कूलर लागत नाही म्हणता ना?”

आम्ही म्हटले, नाही लागत.

“मग पोट्टी झोपन कशी?”